गिट्टी टाकण्याआधी फट मोजा

दिवाळीनंतर धान घरात येतं, हातात चार पैसे खेळतात आणि बालाघाटहून बैहरकडे जाणाऱ्या रस्त्याला जागोजागी सेंट्रिंगच्या फळ्या उभ्या राहतात. कुणाचा स्लॅब, कुणाचा नुसता लिंटेल, कुणाच्या घरकुलाचे चार कॉलम. उकव्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या घर बांधणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी मिस्त्रीचा टेप मागून घ्या. सळई आणि फळी यांच्यामध्ये किती जागा आहे, दोन सळयांच्या मध्ये किती आहे, ते स्वतः मोजा. मग ढिगातला सगळ्यात मोठा खडा उचला आणि तो त्या फटीत कसा बसतो ते बघा. सिमेंट कुठल्या कंपनीचं घ्यायचं हे आपण दहा जणांना विचारतो. सळईचा भाव रोज विचारतो. गिट्टीला जागा किती ठेवली आहे, हे मात्र कुणी विचारत नाही, आणि फळ्या काढल्यावर कॉलमच्या कोपऱ्यात गिट्टी उघडी दिसली की म्हणतो, मिस्त्रीनं माल खाल्ला.

कधी खाल्लेला असतोही. पण पुष्कळदा माल पुरेसा असतो, सिमेंट बरोबर असतं, आणि तरीही भिंतीलगत पोकळ्या राहतात. कारण दाणेदार वस्तू मोकळ्या जागेत जशी बसते तशी अरुंद जागेत बसत नाही. हा निसर्गाचा नियम आहे, मिस्त्रीची लबाडी नव्हे. नियम कळला की त्यावरचा उपायही कळतो, आणि तो स्वस्त आहे.

आधी मोकळ्या जागेचं बघू. सारख्या आकाराचे गोळे जास्तीत जास्त दाटीनं रचायचे तर कसे रचावेत? बाजारात संत्र्याचा ढीग लावणाऱ्याला ते ठाऊक असतं: खालच्या थरातल्या तीन संत्र्यांच्या मधल्या खळग्यात वरचं संत्रं बसवायचं. अशा ढिगात किती गोळे असतील याचा हिशेब आपल्या आर्यभटानं इ. स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त दिला आहे. तळाच्या त्रिकोणात एका बाजूला जितके गोळे तो आकडा, त्याच्या पुढचा आकडा आणि त्याच्याही पुढचा आकडा यांचा गुणाकार करून सहानं भागा. बाजूला पाच गोळे असतील तर ५ × ६ × ७ भागिले ६, म्हणजे ३५. याहून दाट रचना होऊच शकत नाही, असं योहानेस केपलरनं १६११ मध्ये एका छोट्या पुस्तिकेत लिहून ठेवलं. अशा रचनेत गोळे ७४ टक्के जागा व्यापतात आणि २६ टक्के हवा राहते. केपलरचं म्हणणं खरं आहे याची सिद्धता थॉमस हेल्स या अमेरिकी गणितज्ञानं १९९८ मध्ये दिली, तीही संगणकाच्या मदतीनं. ती तपासणाऱ्या पंचांनी शंभर टक्के खात्री देता येत नाही असं कळवलं, तेव्हा त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी पायरीन् पायरी संगणकाकडून तपासून घेतली. ते काम २०१४ मध्ये संपलं. संत्रेवाल्याला जे हातानं येतं ते कागदावर आणायला चारशे वर्षं लागली.

पण आपण गिट्टी एकेक करून रचत नाही, ओततो. नुसते ओतलेले गोळे साधारण ६० टक्के जागा व्यापतात. भांडं हलवून, ठोकून, दाबून बसवले तर ६४ टक्क्यांपर्यंत जातात आणि तिथं अडतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ बर्नाल आणि कॅनडातला स्कॉट यांनी १९६० च्या आसपास छऱ्यांवर प्रयोग करून हा आकडा काढला. ६४ च्या पुढे जायचं तर गोंधळ सोडून शिस्तीत, थराथरानं रचावं लागतं. एवढं ध्यानात ठेवा: मोकळ्या जागेत, उत्तम ठोकूनही, एकाच मापाच्या गोल दाण्यांत तिसऱ्या हिश्शाहून जास्त जागा रिकामी राहते. ती रिकामी जागा भरायची ती वाळू आणि सिमेंटच्या मसाल्यानं.

आता फळी लावा. गोल दाणा फळीला एकाच ठिकाणी टेकतो. ढिगाच्या मधोमध असतो तेव्हा त्याच्या बाजूच्या दाण्यांमध्ये खळगे असतात आणि तो त्यांत थोडा शिरून बसतो. फळीला खळगे नसतात, त्यामुळे दाणा तिच्यात शिरू शकत नाही. म्हणून फळीलगतचा अर्ध्या दाण्याच्या जाडीचा पट्टा पोकळ राहतो. फळीला अगदी चिकटून तर नुसती हवाच. त्याच्या आत पहिला थर बऱ्यापैकी ओळीत बसतो, कारण सपाट फळी त्याला ओळ लावते. त्याच्या आतला दुसरा थर थोडा विस्कटतो, तिसरा आणखी, आणि चार-पाच दाण्यांच्या अंतरावर फळीचा परिणाम संपून नेहमीचा गोंधळ सुरू होतो. बेनेनाटी आणि ब्रॉसिलो यांनी १९६२ मध्ये हे मोजलं. शिशाचे छरे भांड्यात ओतून त्यांच्यामध्ये राळेसारखं रसायन गोठवलं आणि तो गोळा बाहेरून थोडा थोडा कातत प्रत्येक थरात किती छरे आणि किती पोकळी ते पाहिलं. पोकळी फळीपाशी पूर्ण, अर्ध्या दाण्यावर सगळ्यात कमी, पुन्हा जास्त, पुन्हा कमी, असं करत करत आत जाऊन ती स्थिर होते.

एका फळीचं हे असं. दोन फळ्या समोरासमोर आल्या आणि मधली जागा चार-पाच दाण्यांचीच असली, तर दोन्हीकडचे पोकळ पट्टे मिळून सगळी जागाच खातात. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात डेस्मंड आणि वीक्स यांनी २००९ मध्ये संगणकावर हेच पाहिलं: दोन भिंतींमधली जागा जितकी अरुंद, तितकी ओतलेल्या गोळ्यांची दाटी कमी.

ओतणं सोडा, अगदी काळजीनं हातानं रचलं तरी काय होतं तेही पाहा. हे आकडे कागद-पेन्सिल घेऊन दहावीच्या मुलालाही काढता येतील. फट बरोबर एका गोळ्याएवढी असेल तर एका थरात जास्तीत जास्त ६०.५ टक्के जागा भरते. बरोबर दोन थर बसतील एवढी असेल तर ६६.६ टक्के, दहा थरांची असेल तर ७२.४. केपलरच्या ७४ पर्यंत पोचायला फट फार मोठी लागते. आणि फट एका गोळ्याच्या दीडपट असेल तर? एकाहून जास्त जागा दिली म्हणून जास्त भरेल, असं वाटतं. उलट होतं. गोळे एका थरात ठेवले तर ४० टक्के भरतं, एक वर एक खाली असे नागमोडी बसवले तरी ४९ च्या आसपासच. म्हणजे एका गोळ्याची फट बरी आणि दोन थरांची फट बरी, पण अधलीमधली फट सगळ्यात वाईट. १९८३ मध्ये पॅरिसजवळच्या ओर्से इथं पिएरान्स्की आणि सहकाऱ्यांनी काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये, एका टोकाला मिटलेल्या आणि दुसऱ्या टोकाला किंचित उघड्या अशा फटीत, सूक्ष्म गोळे सोडले. फट रुंदावत गेली तसे गोळे आधी एका थरात षटकोनी मांडणीनं बसले, मग दोन थरांत चौकोनी, मग दोन थरांत षटकोनी, मग तीन थरांत चौकोनी. प्रत्येक रुंदीला वेगळी मांडणी. डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांना लागू पडणारा हा नियम कंच्यांना, गिट्टीला आणि मँगनीजच्या ढेकळांनाही तसाच लागू पडतो, कारण त्यात दाण्याचं माप येत नाही, फट दाण्याच्या कितीपट आहे एवढंच येतं.

शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना सांगणं आहे की हा प्रयोग वर्गात करून दाखवा. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. सारखे कंचे घ्या, साधारण दीड सेंटिमीटरचे. एक उभा पेला घ्या, पाच सेंटिमीटर रुंदीचा, आणि एक बादली. दोन्ही कंच्यांनी काठोकाठ भरा, हलवून बसवा, वरून सपाट करा. मग मापून पाणी ओता, काठाला येईपर्यंत. जेवढं पाणी मावलं तेवढी पोकळी. नंतर कंचे काढून पेला आणि बादली पूर्ण भरायला किती पाणी लागतं तेही मोजा आणि भागाकार करा. बादलीत पोकळी चाळीस टक्क्यांच्या आसपास येईल, पेल्यात पंचेचाळीसच्या वर. तेच कंचे, तोच हात. फरक फक्त भांड्याच्या रुंदीचा. बादलीला कंचे कमी पडले तर शेजारच्या वर्गातल्या पोरांचे खिसे तपासा.

आता घरावर येऊ.

आपल्याकडे स्लॅबला आणि कॉलमला पाऊण इंची गिट्टी वापरतात, म्हणजे २० मिलिमीटरची. तिच्यात काही चूक नाही, बहुतेक कामाला ती चालते. भारतीय मानक आयएस ४५६, सन २००० ची आवृत्ती, यात तिच्यासाठी सरळ नियम दिले आहेत. गिट्टीचा सगळ्यात मोठा खडा त्या भागाच्या सगळ्यात कमी जाडीच्या चौथ्या हिश्शापेक्षा मोठा नको. म्हणजे चार इंची, १०० मिलिमीटरच्या स्लॅबला २५ मिलिमीटरपर्यंत खडा चालेल, पाऊण इंची बसेल. पण छज्ज्याची धार तीन इंची, ७५ मिलिमीटरची, केली तर चौथा हिस्सा १९ मिलिमीटरसुद्धा भरत नाही. तिथं पाऊण इंची गिट्टी चालत नाही, अर्धा इंची किंवा त्याहून बारीक घ्या. जाळीचे ठोकळे, पातळ कठडे, सांडपाण्याच्या टाकीची झाकणं, यांनाही हेच. एकाच ढिगातून सगळं घर उभं करायची सवय आपल्याकडे आहे, ती सोडा.

दुसरा नियम सळयांचा. दोन सळयांमधली मोकळी जागा गिट्टीच्या खड्यापेक्षा निदान ५ मिलिमीटर जास्त हवी, आणि सळईच्या जाडीपेक्षा कमी नको. पाऊण इंची गिट्टी असेल तर २५ मिलिमीटर. आणि जिथं सळया दाट आहेत तिथं उलट बाजूनं पाहायचं: खडा हा सळयांमधल्या फटीपेक्षा, आणि सळईवरच्या कव्हरपेक्षाही, म्हणजे सळई आणि फळी यांच्यामधल्या जागेपेक्षाही, ५ मिलिमीटरनं लहान हवा.

हिशेब करून पाहा. नऊ इंची बीम, म्हणजे २३० मिलिमीटर रुंद. दोन्ही बाजूंना २५ मिलिमीटर कव्हर, त्यात ८ मिलिमीटरच्या रिंगा. आत उरले १६४ मिलिमीटर. त्यात १६ च्या चार सळया एका ओळीत टाकल्या तर १०० मिलिमीटर मोकळे राहतात आणि ते तीन फटींत वाटले की प्रत्येकी ३३. ठीक. कुणीतरी म्हणालं, मजबूत करू, अजून एक टाका. पाच सळया झाल्या, मोकळे राहिले ८४, फटी चार, प्रत्येकी २१ मिलिमीटर. आता पाऊण इंची गिट्टीचा मोठा खडा त्या फटीत जेमतेम जातो आणि लगेच दुसऱ्याला अडवतो. वर ढीग साचतो, खाली सळईच्या पोटाशी नुसता पातळ मसाला पोचतो किंवा तोही नाही. लोखंड वाढवलं आणि बीम कमजोर झाला! सळया जोडायच्या जागी हा घोळ आणखी वाढतो, कारण तिथं प्रत्येक सळईच्या शेजारी दुसरी येऊन बसते. म्हणून सगळ्या जोड एकाच ठिकाणी देऊ नका आणि जास्त सळया लागत असतील तर दोन ओळींत टाका. किती टाकायच्या हे मात्र नकाशा काढणाऱ्या अभियंत्याला विचारा, शेजाऱ्याला नको.

कव्हरची तर आपल्याकडे पार उपेक्षा आहे. सळई सरळ फळीवर टेकलेली असते आणि ओततेवेळी कुणीतरी लोखंडी आकडीनं ती जरा वर ओढतो. ओढून सोडली की ती पुन्हा खाली बसते. मग सळई आणि फळी यांच्यामध्ये ५-७ मिलिमीटर जागा राहते, जिथं गिट्टीचा एकही खडा शिरू शकत नाही. सळईखाली उरतो तो मसाल्याचा पापुद्रा. दोन-चार पावसाळ्यांत त्यातून पाणी शिरतं, सळई गंजते. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, तो काँक्रीट फोडून बाहेर येतो आणि स्लॅबचे पोपडे खाटेवर पडतात. कव्हर ब्लॉक घरीच करा: वाळू-सिमेंटच्या मसाल्याचे, हव्या त्या जाडीचे, मध्ये तार घालून, आधीच पाण्यात पिकवून. गिट्टीचा खडा किंवा लाकडाचा तुकडा सळईखाली ठेवणं म्हणजे कव्हर नव्हे.

फळीजवळची पोकळी भरायला दोन गोष्टी मदत करतात. पहिली, लहान दाणा. नुसती पाऊण इंची एकाच मापाची गिट्टी घेऊ नका. तिच्यात अर्धा इंची आणि त्याहून बारीकही मिसळलेली असू द्या. मोठ्या दाण्याला फट दोन दाण्यांची असेल, तर तीच फट लहान दाण्याला चार-पाच दाण्यांची होते, आणि फळीलगतच्या पोकळ पट्ट्यात तो जाऊन बसतो. खडीच्या खाणीवरून येताना गिट्टी कशी आहे तेही पाहा. चपटी, लांबट चिप असलेली गिट्टी फटीत आडवी पडून अडते. घनाकार, टोकं थोडी झिजलेली गिट्टी चांगली. दुसरी मदत हलवण्याची. व्हायब्रेटरची सुई उभी घाला, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, हळू वर काढा आणि थोड्या अंतरावर पुन्हा घाला. अरुंद कॉलममध्ये जाड सुई जातच नाही, २५ मिलिमीटरची मागवा. व्हायब्रेटर नसेल तर सळईनं कोचा आणि फळीवर बाहेरून लाकडी हातोडीनं ठोका, कोपऱ्यांवर जास्त. उंचावरून ओतू नका. मानक सांगतं, दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून टाकू नये, नाहीतर गिट्टी खाली आणि मसाला वर, असे वेगळे होतात.

तिसरी ‘मदत’ सगळे करतात आणि ती मदत नव्हेच: पाणी वाढवणं. माल पातळ केला की फटीत धावतो खरा, पण जास्तीचं पाणी उडून गेलं की त्याची जागा पोकळच राहते. फट अरुंद आहे म्हणून पाणी वाढवायचं नसतं, खडा लहान करायचा असतो. एवढं एक वाक्य मिस्त्रीला पटलं तरी पुष्कळ झालं. आणि फळ्या काढल्यावर गिट्टी उघडी दिसलीच, तर लगेच प्लास्टरचा हात मारून झाकू नका. सैल भाग छिन्नीनं काढा, धुवा, ओला करा आणि बारीक गिट्टीच्या किंवा घट्ट मसाल्यानं नीट भरा. सळई दिसत असेल तर आधी अभियंत्याला दाखवा.

आता जिथं भिंतीचा दोष नसतो तिथं तो देऊ नका. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वैनगंगेची वाळू येते. ट्रॉलीची रुंदी वाळूच्या कणाच्या हजारोपट असते, तिथं फळीच्या कडेचा पोकळ पट्टा मोजण्यातसुद्धा येत नाही. तिथं खेळ ओलीचा असतो. थोड्या ओल्या वाळूत कणांभोवती पाण्याचा पापुद्रा येतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि वाळू फुगते. २५ टक्क्यांपर्यंत सहज, बारीक असेल तर त्याहूनही जास्त. कोरडी वाळू फुगत नाही आणि पाण्यात बुडवलेलीही फुगत नाही. फसवते ती ओलसर. ब्रासच्या हिशेबानं वाळू घेणाऱ्यानं एका डब्यात ती सैल भरून उंची मोजावी, मग बाहेर काढून डब्यात अर्धं पाणी घ्यावं, वाळू परत टाकून ढवळावी आणि बसल्यावर पुन्हा उंची पाहावी. २० सेंटिमीटरची १६ झाली तर प्रत्येक पाच ट्रॉल्यांत एक ट्रॉली पोकळीचे पैसे तुम्ही दिलेत.

उकव्याच्या लोकांना अशा रुंद फटीचं सगळ्यात मोठं उदाहरण पायाखालीच आहे. मॉयल कंपनीच्या भूमिगत खाणींत मँगनीजचा थर दोन खडकांच्या मध्ये असतो. धातुक काढून घेतलं की जागा रिकामी ठेवत नाहीत, पाण्यात मिसळलेली वाळू नळानं आत सोडून भरतात. पाणी निथळतं, वाळू बसते, तिच्यावर उभं राहून वरचा थर काढायचा आणि तोही मग भरायचा. मध्य प्रांतातलं हे मँगनीज इंग्रजांच्या काळापासून निघतंय, मॉयल १९६२ मध्ये स्थापन झाली, तिचं मुख्य कार्यालय नागपूरला आहे, आणि भरवेली, उकवा, तिरोडी ही नावं भंडारा-नागपूरच्या अनेक मराठी घरांत पिढ्यानपिढ्या ऐकू येतात. समजा दोन खडकांमधलं अंतर तीन मीटर आणि वाळूचा कण अर्धा मिलिमीटर. म्हणजे सहा हजार कणांची फट. तिथं वाळू किती दाट बसेल हे खडकाच्या भिंती ठरवत नाहीत.

पण भिंती तिथंही एक काम करतात. वाळूचं वजन स्वतःवर घेतात. एच. ए. यान्सेन या जर्मन अभियंत्यानं १८९५ मध्ये धान्याच्या उभ्या कोठीत हे मोजलं. पाण्याच्या टाकीत जितकं खोल जावं तितका तळाशी दाब वाढत जातो. धान्यात तसं होत नाही. थोड्या खोलीनंतर दाब वाढायचा थांबतो, कारण दाणे भिंतीला घासून अडतात आणि वरचं वजन भिंती पेलतात. खाणीत भरलेली वाळू निथळली की ती तशीच स्वतःला भिंतींवर टांगून घेते. निथळली नाही तर मात्र पाण्याचा पूर्ण दाब वाळू अडवणाऱ्या बांधावर येतो, कारण पाणी भिंतीला घासून थांबत नाही. खाणीत निचऱ्याला एवढं महत्त्व का, हे ज्यांच्या घरचं माणूस पाळीला जातं त्यांनी समजून घ्यावं. ओल्या काँक्रीटचंही तेच. ओतल्याओतल्या ते पाण्यासारखं दाबतं, म्हणून उंच कॉलम एका दमात भरला की खालची फळी फुगते.

मापाबद्दल दोन शब्द, कारण मोहफुलांच्या दिवसांत मला याची आठवण होते. लहान डब्यानं मोजलेल्या मोहफुलांत, चारोळीत, शेंगांत पोकळी किती राहील हे डब्याच्या रुंदीवर ठरतं, आणि वर शीग लावायची की नाही, डबा हलवायचा की नाही, यावर. बारीक तांदळाला, आपल्या बालाघाटच्या चिन्नोरला, फरक कमी पडतो. मोठ्या दाण्याला बराच पडतो. हलवणारा हात ज्याचा, माप त्याच्या बाजूचं. म्हणून वेचणाऱ्या बायांना सांगा की पायली-कुडवानं देऊ नका, काट्यावर तोला. कायदाही हेच सांगतो; पायली-कुडवाच्या मापानं व्यवहार करायला २००९ च्या वैध मापनशास्त्र कायद्यानुसार परवानगी नाही.

आणि ज्यांच्या घरी पत्र्याची उंच कोठी आहे, ज्यांचं काम गोदामात, गिरणीत किंवा बंकरवर आहे, त्यांच्यासाठी शेवटचं. ज्या घासण्यानं दाणा भिंतीला टांगून राहतो, त्याच घासण्यानं तो तोंडाशी कमान धरून अडतो. खालचं तोंड दाण्याच्या पाच-सहा पटीहून लहान असेल तर गोल, गुळगुळीत दाणासुद्धा अडतो. खडबडीत ढेकळांना तर त्याहून मोठं तोंड लागतं. ओलसर धान, कोंडा, बारीक चुरी यांचा गठ्ठा बसतो. खालून माल येईनासा होतो, वरून कोठी भरलेली दिसते, आणि कुणीतरी वर चढून पायानं दाबायला किंवा आत उतरून मोकळं करायला जातो. कमान एका क्षणात तुटते, खाली पोकळी असते, माणूस दाण्यासकट ओढला जातो आणि छातीपर्यंत रुतला की त्याला दोन माणसं ओढूनही बाहेर काढू शकत नाहीत. बंकरच्या तोंडाशी खाली उभं राहून सळईनं कोचणाऱ्याचंही तेच: अडकलेला सगळा माल त्याच्यावर येतो. अडलेला माल बाहेरून, बाजूला उभं राहून, लांब बांबूनं किंवा कोठीवर ठोकून सोडवा. खालचं दार आधी बंद करा. एकट्यानं हे काम करू नका, आणि अंगानं हलकं आहे म्हणून लहान पोराला कोठीत उतरवणं तर आजच बंद करा.